ऊन खा, पण सावली मोजून

पौष महिन्यात सकाळी कोणत्याही गावात जा. मारुतीच्या पारावर पूर्वेकडे तोंड करून चार म्हातारी माणसे बसलेली दिसतील. अंगावर घोंगडी, कानाला मफलर, हातात चहाचा कप. ‘काय चाललंय आबा?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले, ‘काही नाही, ऊन खातोय.’

ऊन खाणे हा शब्द आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. उन्हातून अंगाला खरोखरच काही मिळते आणि ते हाडांच्या कामाचे असते. गंमत अशी, की आबा ज्या वेळी आणि ज्या थाटात बसले आहेत, तसे बसून ते फारसे मिळत नाही. ऊब मिळते, गप्पा मिळतात, म्हाताऱ्या जिवाला बरे वाटते. पण हाडांना जे लागते ते सकाळी आठच्या उन्हात जवळजवळ नसतेच, आणि जे थोडेफार असते ते घोंगडीवरच राहते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ‘उन्हाचं आम्हाला काय सांगता? जन्म गेला उन्हात,’ असे तुम्ही म्हणाल. म्हणणे रास्त आहे. नांगरट, खुरपणी, कांदा लागवड, द्राक्षाची छाटणी, सगळे उन्हातच चालते. पण हा लेख नुसता रानातल्या माणसासाठी नाही. रानातल्या माणसाला ऊन जास्तच होते आणि कधी कधी ते जिवावर बेतते, त्याचे पुढे बोलू. खरी अडचण त्याच्या घरातल्या माणसांची आहे. बाळंतीण, तिचे तान्हे, घराबाहेर न पडणारी म्हातारी, सकाळी सातला शाळेच्या गाडीत बसून संध्याकाळी क्लासवरून परतणारी पोरगी, ही माणसे एवढ्या उन्हाच्या मुलखात राहूनही उन्हाची उपाशी आहेत.

दुखणे एकीकडे, औषध भलतीकडे

आपल्या ओळखीत अशी एक तरी बाई असते. वय चाळीस-पंचेचाळीस. कंबर दुखते, मांड्या भरून येतात, जमिनीवर बसले तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना कठड्याला धरावे लागते. हाताने नडगी दाबली तरी कळ येते. गावातला डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतो. तालुक्याचा डॉक्टर ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणतो आणि पट्टा देतो. जिल्ह्याच्या गावी जाऊन मोठे फोटो निघतात. कांद्याची एक खेप त्यातच जाते. दुखणे तिथल्या तिथे!

प्रत्येक कंबरदुखीचे कारण एकच असते असे मुळीच नाही. पण अशा कितीतरी दुखण्यांच्या मुळाशी ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. मोठ्या माणसांत तिने हाडे मऊ पडतात, मांड्यांचे आणि खुब्याचे स्नायू ढिले होतात. लहान मुलांत तिलाच आपण मुडदूस म्हणतो. पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर घासतात, मनगटे जाड होतात, टाळू लवकर भरत नाही, दात उशिरा येतात. म्हातारपणी ठिसूळ हाड आणि ढिला स्नायू एकत्र आले, की न्हाणीघरात साधा पाय घसरल्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर ते माणूस पुन्हा चालेल की नाही, याची खात्री कोणी देत नाही.

(जाता जाता एक सांगून ठेवतो. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत काही गावांच्या विंधन विहिरींना फ्लोराइड असते आणि त्यानेही पाय वाकतात, कंबर धरते. तिथे आधी पाणी तपासायचे. उन्हाने ते दुखणे जात नाही.)

कातडीतला कारखाना

हे जीवनसत्त्व इतरांसारखे ताटातून फारसे मिळत नाही. माशाच्या काळजाचे तेल, काही मासे, अंड्याचा पिवळा बलक यांत ते असते. आपल्या भाजी-भाकरीत ते नसल्यातच जमा आहे. दुधातही, मुद्दाम घातले नसेल तर, फारच थोडे असते. म्हणून निसर्गाने त्याचा कारखाना आपल्या कातडीतच घातला आहे. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग उघड्या कातडीवर पडला, की तिथल्या स्निग्ध द्रव्यापासून ड जीवनसत्त्व बनू लागते. ते रक्तातून आधी यकृतात, मग मूत्रपिंडात जाते आणि तिथून कामाच्या रूपात बाहेर पडते. मग आतडे अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट शोषून घेते आणि तो हाडाला मिळतो. ड जीवनसत्त्व नसेल तर दूध, तीळ, नाचणी कितीही खा, त्यातला बराच चुना वाया जातो. खत टाकले, पण पाणीच दिले नाही, तशातली गत.

हे शोधायला युरोपला शंभर वर्षे लागली. तिकडच्या धुरकट शहरांत मुडदूस घरोघर होता. १९१९ साली बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्यापुढे बसवले आणि मुले सुधारली. त्याने आणखी एक करून पाहिले. एकाच हातावर प्रकाश टाकला, तर दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. म्हणजे कातडीत बनलेले काहीतरी रक्तातून सगळीकडे जाते हे उघड झाले. दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, न्यूयॉर्कच्या हेस यांनी दिवा बाजूला ठेवून साध्या उन्हात मुले बसवली. तीही बरी झाली.

याच सुमाराला आपल्याकडची एक पाहणी जगापुढे आली, ती मात्र आपल्यालाच फारशी माहीत नाही. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातल्या मुडदुसावर लिहिलेला लेख १९२२ साली इंग्लंडमधल्या वैद्यकीय त्रैमासिकात छापून आला. मुडदूस म्हणजे गरिबाचे, उपासमारीचे दुखणे, अशीच तेव्हा समजूत होती. नाशिकला निघाले उलटेच. ज्या खात्यापित्या घरांतल्या बायका-मुले पडद्यात, अंधाऱ्या घरात दिवस काढत होती, तिथे मुडदूस होता. रानात राबणाऱ्या आणि पोरांनाही बरोबर नेणाऱ्या गरिबांत, अन्न निकृष्ट असूनही, तो आढळत नव्हता.

शंभर वर्षांत पडदा पुष्कळ मागे सरला. पण घरे बदलली. ओटा गेला, अंगणात पत्र्याची शेड आली, वाड्याचा चौक जाऊन स्लॅबची बंद घरे आली. खिडकीला सरकती काच बसली. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडाच्या कामाची किरणे काचेत अडतात. म्हातारीची खाट खिडकीपाशी सरकवली म्हणजे तिला ऊन मिळाले, असे समजू नका. खिडकी उघडावी लागते किंवा खाट बाहेर काढावी लागते. देशात ठिकठिकाणी झालेल्या तपासण्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडते, ती गावांतही.

सावलीचे गणित

आता मुद्द्याचे. ऊन कोणते चांगले? ‘सकाळचं कोवळं ऊन,’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धेच खरे आहे. कोवळ्या उन्हाने झोप-जागेचे घड्याळ नीट लागते, मन हुशार होते, रात्री झोप वेळेवर येते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर नेलेले सूर्यनमस्कार त्या वेळी घालावेत, त्यासारखा व्यायाम नाही. पण हाडांच्या कामाची किरणे सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच अडतात. सूर्य वर चढला तरच ती जमिनीपर्यंत भरपूर पोचतात. तिरुपतीला झालेल्या अभ्यासातही सकाळी अकरा ते दुपारी दोन हीच वेळ जीवनसत्त्व बनण्यासाठी सर्वांत चांगली ठरली.

घड्याळ कशाला, सावली बघा. हातभर काठी उन्हात सरळ उभी धरा. सावली काठीपेक्षा लांब असेल तर ते ऊन ऊब देणारे. सावली काठीएवढी किंवा आखूड असेल तर ते ऊन हाडाला उपयोगी. थंडीत सकाळी आठला माणसाची सावली त्याच्या चौपट-पाचपट पडते, म्हणून आबांच्या पदरात काही पडत नाही.

या एका काठीने वर्षाचे वेळापत्रक हाती येते. आपल्याकडे, म्हणजे नाशिकच्या रेषेत, डिसेंबरात सावली जेमतेम काठीएवढी होते आणि तीही साडेबाराच्या सुमारास. म्हणजे थंडीत साडेअकरा ते दीड हीच वेळ, आणि त्या दिवसांत ते ऊन हवेसेच वाटते. मे महिन्यात उलट. सूर्य इतका चढतो, की तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी साडेनऊलाच सावली माणसाएवढी झालेली असते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण हवेचा खरा ताप चढतो तो दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. जमीन आधी तापते, मग हवा तापते, त्याला वेळ लागतो. म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ-दहाला हाडांचे ऊन घेऊन माणूस घरात येऊ शकतो. हाडांचे ऊन आणि जीव घेणारे ऊन यांच्यात काही तासांचे अंतर निसर्गानेच ठेवले आहे.

किती वेळ? आपली कातडी सावळी. हा रंग जळण्यापासून राखतो, पण किरणेही अडवतो. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या पुस्तकातली पाच-दहा मिनिटे आपल्याला पुरत नाहीत. थंडीत अर्धा ते पाऊण तास, उन्हाळ्यात साडेनऊच्या पुढे पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस, हा मोटा हिशेब धरावा. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत आणि जमेल तर पाठ उघडी हवी. चेहरा आणि डोके झाकले तरी चालते. टोपी, पदर खुशाल घ्या. सूर्याकडे बघत बसायचे नाही. वर्षानुवर्षे डोळ्यांवर ऊन घेतल्याने मोतीबिंदूला मदत होते आणि बुबुळावर मांस चढते. शेतकऱ्यांत हे नेहमी दिसते.

तासन्‌तास बसून जास्त लाभ होतो असेही नाही. ठरावीक वेळेनंतर कातडी जास्तीचे जीवनसत्त्व आपणच मोडून टाकते. हौद भरल्यावर पाणी ओसंडून जावे तसे. मागे उरतो तो नुसता त्रास. उलट भरलेला हौद काही आठवडे पुरतो, कारण हे जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठते. आपण पावसाळ्याआधी सरपणाची, डाळीची बेगमी करतो, तशी मे-जूनमध्ये आभाळ भरायच्या आत उन्हाची बेगमी करावी. पाऊस उघडला, ऑक्टोबरचे ऊन पडले, की पुन्हा सुरुवात.

रानात काम करणाऱ्या बायांबद्दल थोडे. नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट साडीवर, तोंडाला स्कार्फ, हातमोजे, पायमोजे. आठ तास उन्हात, पण उघडे फक्त डोळे. एप्रिल-मेमध्ये हा पोशाख बरोबरच आहे, सोडू नका. गाजर गवताच्या रानात तर बारा महिने अंग झाकाच. त्या गवताने उठलेली खाज उन्हाने आणखी चिघळते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसताना बाह्या वर सारा, स्कार्फ सोडा, मोजे काढा. भाकरी खाऊन होईपर्यंत हाडांचेही जेवण होते.

बाळ-बाळंतीण

बाळंतिणीची खोली म्हणजे आपल्याकडे अंधारी, दारे-खिडक्या लावलेली, शेगडीचा धूर कोंडलेली. वारा लागू नये ही काळजी समजते. पण आईच्या अंगात ड जीवनसत्त्व नसेल तर दुधात कुठून येणार? आईचे दूध बाळाला अमृतच, फक्त या एका बाबतीत ते कमी पडते. म्हणून बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगते. आशाताईला, आरोग्य केंद्रात विचारा. थेंबांची बाटली फार महाग नसते. बाटलीबरोबरच्या खुणेएवढेच मोजून द्या, अंदाजाने पिचकारी भरू नका.

मालिश करून बाळाला उन्हात धरायची आपली रीत जुनी आहे, ती मोडा असे कोणी म्हणत नाही. मात्र तान्ह्याची कातडी पातळ असते. पाच-दहा मिनिटे पुरे, डोळ्यांवर सावली हवी, उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत, आणि बाळ लाल झाले किंवा किरकिरले तर लगेच आत. सगळी भिस्त थेंबांवर ठेवा, उन्हावर नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायची आहे. नवजात बाळ पिवळे पडले की ‘उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला आजही गावोगाव दिला जातो. त्यात तथ्य होते. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले, की उन्हात ठेवलेल्या बाळाची जिथे ऊन पडले ती कातडी पिवळी राहिली नाही. त्यातूनच पुढे दवाखान्यातले निळे दिवे आले. पण दिवा मोजून दिला जातो, उन्हाचे तसे नाही. कावीळ वाढली तर पिवळेपणा मेंदूत जातो आणि मूल जन्माचे अधू होते. तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ दूध ओढेना, नुसते झोपून राहू लागले किंवा पहिल्याच दिवशी पिवळे झाले, तर आठ दिवस उन्हात धरून बघू म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना. आजीबाईंनी राग धरू नये. आजीचा अनुभव मोठा, पण रक्तातली कावीळ डोळ्यांनी मोजता येत नाही.

ऊन लागते तेव्हा

आता उन्हाची दुसरी बाजू. बातम्यांत ‘४२ अंश’ सांगतात ते सावलीतले तापमान असते, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, हवेशीर लाकडी पेटीत मोजलेले. तुम्ही कांद्याच्या चाळीवर पत्रा ठोकत असाल तर तुमच्या अंगाला लागणारा ताप त्याहून कितीतरी जास्त असतो. दमट हवेत ४२ चीही गरज नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली, त्या दिवशी त्या भागात चाळीसच्या आतच तापमान नोंदले गेले होते. घाम वाळला तरच अंग गार होते. हवा दमट असेल, वारा नसेल, तर घाम नुसता ओघळतो. पॉलिहाऊसमध्ये दुपारी काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तिथे बाहेरच्यापेक्षा आत धोका जास्त.

अंगालाही उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणून मार्चअखेरची पहिली लाट आणि शहरातून सुट्टीला येऊन एकदम कामाला लागलेला पोरगा, ही दोन्ही धोक्याची. म्हातारी माणसे, गरोदर बाया, रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि दारू पिणारे यांनाही ऊन लवकर लागते.

आधी डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. इथेच सावलीत या, कपडे सैल करा, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनी घ्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, वरणाचा नव्हे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागला, आकडी आली, शुद्ध हरपली आणि अंग तव्यासारखे तापले असेल, तर तो उष्माघात. अंग कोरडेच असले पाहिजे असे नाही. कष्ट करणाऱ्याला तेव्हा घामही असतो. आता एकेक मिनिट मोलाचे आहे. १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि बाकीच्यांनी त्याला गार करा. सावलीत आडवे करा, कपडे काढा, अंगावर सारखे पाणी ओता आणि पंचाने वारा घाला. मोटार चालू असेल तर पाइपाखालीच धरा, नाकातोंडात पाणी जाणार नाही एवढे पाहा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा यांना लावा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही हे थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जाते. तापाची गोळी इथे चालत नाही. हा ताप जंतूंचा नाही.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत आपल्या कांद्याच्या जिल्ह्यात असणारच. ठेवा बापडे, बाजारात भाव मिळत नाही तेव्हा खिशात तरी त्याला मान मिळू द्या. पण कांद्यावर विसंबून टोपी आणि पाण्याची बाटली घरी विसरू नका.

काहींनी ऊन मुळातच बेतानेच घ्यावे. अंगावर कोड असलेले, जन्मतः कातडी-केस पांढरे असलेले, आणि काही औषधे चालू असलेले. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांनी कातडी उन्हात भाजल्यासारखी होते. नवीन गोळी सुरू करताना ‘उन्हात चालेल का?’ एवढे डॉक्टरांना विचारायला काही मोल पडत नाही.

आणि उलट टोक. ‘इंजेक्शन घेतलं की सहा महिने बघायला नको’ म्हणून सहा लाख युनिटचे ड जीवनसत्त्व टोचून घेणारे आहेत. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असे सांगितले असताना रोज एक घेणारेही आहेत. उन्हाने हे जीवनसत्त्व कधी जास्त होत नाही, औषधाने होते. मग रक्तात चुना वाढतो, मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी सुरू होते आणि मूत्रपिंडे खराब होतात. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, तितकेच दिवस.

पंचायतीच्या हातातले

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मनावर घेतले, तर यातल्या पुष्कळ गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंगणवाडीची पोरे खिचडी खायला आत कशाला? साडेअकरा-बाराला ओट्यावर पंगत मांडा. शाळेतली कवायत त्या चार महिन्यांत सकाळच्या धुक्याऐवजी मधल्या सुट्टीच्या तोंडावर घेता येईल. मुख्याध्यापकांशी बोलून बघा. मार्चनंतर पुन्हा सकाळी न्यायची, हे विसरू नका.

उन्हाळ्यात ग्रामसभा, शिबिरे, सत्कार दुपारी उघड्यावर नकोत. पाहुण्यांना मंडप आणि लोकांना ऊन, हे तर नकोच नको. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार पेटी असली पाहिजे असा नियम आहे. ती आहे का, हे मुकादमाच्या कागदावर बघू नका, कामावर जाऊन बघा. मार्च ते जून काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवता येते. जलसंजीवनीची पाकिटे उपकेंद्रात आहेत का, आणि उष्माघाताचा रोगी आलाच तर बर्फ कुठून मिळेल, हे एप्रिलच्या आधी विचारून ठेवा.

पार नव्याने बांधायचा असेल, बाके बसवायची असतील, तर गवंड्याला दिशा सांगा. थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. झाडाच्या दक्षिणेला, पाठीशी भिंत येईल आणि तोंड दक्षिणेकडे होईल असे एक बाक घाला. उत्तरेचा वारा भिंतीला अडेल आणि बाराच्या सुमाराला त्यावर पुरते ऊन येईल. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला, की त्याच बाकावर झाडाची सावली असेल. आबांना तिथे थंडीत साडेअकराला बसायला सांगा. घोंगडी काढून, धोतर गुडघ्यापर्यंत सारून.